दापोलीचं दार, पुण्याचा एप्रिल आणि पाणी पिणारा ग्लू

काम तसं साधं होतं. दापोलीजवळच्या एका जुन्या घराचं पुढचं दार. दोन झडपांचं, सागवानी फळ्यांचं, मागून आड्या, म्हणजे आडव्या पट्ट्या, मारलेलं. पागोळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं उडून फळ्यांचा तळ सात-आठ इंच कुजला होता. पटाशीचं टोक लावलं की आत लोण्यात जावं तसं जायचं. त्याच्या वर मात्र लाकूड खणखणीत, आज बाजारात मिळणार नाही असं. घरमालक काकांचं म्हणणं एवढंच की दार बदलायचं नाही, तळ बदलायचा. शिवाय नव्या तळावर बाहेरून पितळी पत्रा बसवायचा, म्हणजे पुन्हा पाणी लागायला नको. आणि उंबरठा तुटलाय, तोही जांभ्याच्या पायरीवर नवा बसवायचा.

म्हणजे तीन सांधे: लाकूड-लाकूड, लाकूड-पितळ, लाकूड-जांभा. मी ठरवलं, तिन्हीला एकच ग्लू वापरू. हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्यावर घट्ट होणारा एक-घटकी पॉलियुरेथेन, आमच्या पुण्याच्या कारखान्यात ज्याला नुसतं ‘पीयू’ म्हणतात तो. साधा पांढरा फेविकॉल सतत भिजणाऱ्या जागी चालत नाही हे कुठलाही मेस्त्री सांगेल. दोन घटकांचा इपॉक्सी महाग आणि मिसळायची कटकट. पीयूच्या डब्यावर लाकूड, धातू, दगड, काच अशी सगळी चित्रं छापलेली असतात. चित्रांवर विश्वास ठेवला ही पहिली चूक, आणि ती माझी. आमच्या मेस्त्रींचा त्यात काही दोष नाही. ते आधीपासून म्हणत होते, “दादा, एक औषध सगळ्या रोगांना नसतं.”

हा ग्लू वाळत नाही, हे आधी सांगायला हवं. फेविकॉल वाळतो: त्यातलं पाणी लाकूड ओढून घेतं, हवेत जातं, मागे थर राहतो. पीयूचं उलटं आहे. त्याला पाणी बाहेरून हवं असतं. त्याच्या लांबट रेणूंच्या टोकांना आयसोसायनेट नावाचा गट असतो. तो पाण्याच्या रेणूला भेटला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे अमाइन उरतं. हे अमाइन शेजारच्या रेणूचं आयसोसायनेट टोक धरतं. असं एकाला एक जोडत जाळं तयार होतं. पॉलियुरेथेनचं मूळ रसायन ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुझेनला शोधलं, ते आज गादीच्या फोमपासून बुटाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे आहे.

हिशेब केला तर मजेशीर आकडे निघतात. अशा शंभर ग्रॅम ग्लूला पूर्ण घट्ट व्हायला साधारण दोन-तीन ग्रॅम पाणी पुरतं. अर्धा चमचा. पण त्या अर्ध्या चमच्यातून अडीच ते चार लिटर वायू सुटतो. फेस येतो तो यामुळे. म्हणजे कुठल्याही सांध्यासमोर दोनच प्रश्न असतात: पाणी कुठून येणार, आणि वायू कुठून जाणार? आमच्या तीन सांध्यांत या दोन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं होती आणि मी कामाआधी एकही प्रश्न विचारला नव्हता.

फळ्या

दार मार्चअखेर पुण्याला आणलं. प्रत्येक झडपेत तीन फळ्या, साधारण सात इंच रुंद आणि दीड इंच जाड. कुजका भाग सरळ आडवा कापून नवा तुकडा खाली लावला असता तर सांधा दोन्हीकडे लाकडाच्या टोकावर आला असता, आणि टोकाकडून लाकूड ग्लू नळ्यांसारखं ओढतं, धरत काही नाही. म्हणून तिरका सांधा घेतला, एकास आठ उताराचा. दीड इंच जाडीला तो बरोबर एक फूट लांब होतो. चांगलं लाकूड थोडं जास्त गेलं याचं काकांना वाईट वाटलं, पण लाकडाच्या रेषेला रेषा मिळाली.

सागाची अडचण वेगळी. त्याच्या अंगात तेल असतं. रंधा मारल्यावर तासाभरात पृष्ठभाग हाताला थोडा मेणचट लागतो. आम्ही चार फळ्या सकाळी रंधल्या, अ‍ॅसिटोनने पुसल्या आणि लगेच जोडल्या. उरलेल्या दोन आदल्या संध्याकाळी रंधून ठेवल्या होत्या, त्या तशाच जोडल्या. घाई होती, दुसरं कारण नाही.

लावायची पद्धत अशी: एका बाजूला ग्लू, दुसऱ्या बाजूला ओला फडका. फडका पिळून, लाकूड नुसतं काळपट दिसेल इतकाच. एप्रिलच्या दुपारी कारखान्यातला हायग्रोमीटर १९ टक्के दाखवत होता आणि नव्या सागात मीटरने ७ टक्के ओलावा होता. असल्या दिवशी फडका विसरलात तर ग्लू तासन्‌तास काकवीसारखा पडून राहतो. तो दिसतोही काकवीसारखाच, तपकिरी, दाट, धारेला न तुटणारा. जुन्या दाताळ्या पात्याने तो पातळ पसरायचा, खालचं लाकूड त्यातून दिसलं पाहिजे. सहा सांध्यांना मिळून साठ ग्रॅमच्या आसपास लागला. जास्त घातला तर ताकद वाढत नाही, फेस वाढतो.

मग शिकंजे. उताराचा सांधा दाबला की घसरतो, म्हणून दोन्ही टोकांना बारीक खिळे अर्धे ठोकून ठेवले, नंतर काढायला. दाब देताच कडेने मधाच्या रंगाची रेघ बाहेर आली आणि वीसेक मिनिटांत ती फुगून पिवळट पावासारखी झाली. नवीन मुलाने ती बोटाने पुसायला घेतली. मेस्त्रींनी त्याचा हात धरला. कारण दोन. ओला ग्लू पुसला की तो रेषांत पसरतो आणि पॉलिशला डाग देतो. फेस घट्ट होऊ द्यावा, मग पटाशीने एका फटक्यात तुटतो. दुसरं कारण हाताचं. या ग्लूचा डाग साबणाने जात नाही, थिनरने जात नाही. कातडी झिजेपर्यंत आठवडाभर बोटं काळी राहतात. लग्नसराईत हे महागात पडतं.

हातमोज्यांचं खरं कारण मात्र डाग नाही. ‘आयसोसायनेट’ शब्द ऐकला की आपल्याला १९८४चं भोपाळ आठवतं. तो मिथाइल आयसोसायनेट होता, पटकन उडणारा, हलका. ग्लूमधला त्या घराण्यातला असला तरी जड रेणू आहे, साध्या तापमानाला फारसा उडत नाही. पण वारंवार कातडीला लागला किंवा वाफा नाकात गेल्या तर काहींच्या शरीराला त्याचं वावडं बसतं, आणि एकदा बसलं की पुढे थोड्याशा संपर्कानेही दमा उसळू शकतो. आमच्याकडे दमा असलेल्या माणसाला या टेबलापाशी उभं करत नाही.

कामाबरोबर उरलेल्या तुकड्यांचे दोन नमुने जोडून ठेवले होते, एक ताज्या रंध्याचा, एक शिळ्या. दोन दिवसांनी ते तासभर पाण्यात उकळले. (घरच्या पातेल्यात नाही.) गरम असतानाच सांध्यात पटाशी घालून उचकटले. ताज्या रंध्याचा तुकडा फाटला तो सांध्याशेजारच्या लाकडात, ग्लूच्या रेषेला सागाचे तंतू तसेच चिकटलेले. शिळ्याचा मात्र बऱ्याच भागात सांध्यातूनच सुटला, आणि उघडलेला भाग चकचकीत होता, काचेसारखा. ग्लू घट्ट झाला होता, लाकडाला धरला नव्हता. मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी दारातल्या त्या दोन फळ्यांवर पेन्सिलीने बारीक फुली मारली. सांधा उघडून पुन्हा करायला हवा होता. घट्ट झालेला पीयू कशातच विरघळत नाही, म्हणजे आणखी एक फूट चांगलं लाकूड गेलं असतं. आम्ही आतून आडी वाढवून त्या फळ्यांना आधार दिला आणि पुढे गेलो. हा निर्णय मी आज पुन्हा घेईन का, सांगता येत नाही.

पितळ

पत्रा दीड मिलिमीटरचा, वीस बाय सहा इंच, एकेक किलोभर वजनाचा. तो फळ्यांच्या पातळीत यावा म्हणून खाच घेतली. इथे मी अतिशहाणपणा केला. पत्र्यामागे पाणी शिरलंच तर लाकूड भिजू नये म्हणून खाचेला सीलरचे, म्हणजे लाकडाची भोकं बुजवणाऱ्या लेपाचे, दोन हात मारायला लावले. ते कडक वाळले. मग भरपूर ग्लू, पत्रा, वर फळी, शिकंजे, आणि घरी.

दुसऱ्या दिवशी अकराला शिकंजे काढले. पत्रा कडेला पक्का. मध्ये बोटाने दाबला की आत-बाहेर व्हायचा, डब्याच्या झाकणासारखा टक-टक वाजत. कोपऱ्यातून पातं घालून उचलला तर चित्र अगदी पाठ्यपुस्तकातलं. चहूबाजूंनी अर्धा इंच रुंद, पिवळा, घट्ट पट्टा. आत सगळी काकवी, कालची तशीच ओली, तारा काढणारी.

पितळातून पाणी येत नाही. सीलरमधूनही जवळपास येत नाही. उरली कडेची सुतासारखी फट, तीही ग्लूने भरलेली. कडेचा ग्लू हवेतला ओलावा पिऊन घट्ट झाला आणि आतल्या ग्लूसाठी तोच बूच बनला. जितकी कड घट्ट तितका आत ओलावा जायचा वेग कमी. महिनाभर ठेवला असता तरी मध्ये काही भाग ओलाच सापडला असता असं मला वाटतं. त्याच दुपारी काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ग्लूचा थेंब दाबून खिडकीत ठेवला. कडेपासून आत सरकणारी घट्ट रेघ चार दिवस रोज बघायला मिळाली, रोज आदल्या दिवसापेक्षा कमी सरकलेली. नवीन मुलाला ते कुठल्याही भाषणापेक्षा लवकर कळलं.

सीलर खरवडून, लाकूड ओलं करून तोच ग्लू पुन्हा लावता आला असता, आणि तो चिकटलाही असता. पण तोवर दुसरा प्रश्न डोक्यात आला होता, जो पहिल्यांदा यायला हवा होता. साग पुण्याच्या एप्रिलमध्ये ७ टक्क्यांवर आहे. दापोलीच्या जुलैत, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो १७ टक्क्यांवर सहज जाईल. साग कमी हलणारं लाकूड म्हणून नावाजलेला आहे, तरी आडव्या चिरलेल्या सात इंची फळीला दहा टक्क्यांच्या फरकात तीन मिलिमीटर रुंदी वाढते. पितळ ओलाव्याने एक केसभरही वाढत नाही. तीन फळ्यांवर आडवा पत्रा कडक ग्लूने पूर्ण चिकटवला तर पावसाळ्यात फळ्या ओढणार, पत्रा अडवणार, आणि दोघांपैकी जो कमजोर असेल तो सुटणार. फळ्यांच्या दाराला फटी ठेवतात त्या उगाच नव्हे. कडक पीयू असो की इपॉक्सी, इथे ताकद हाच दोष होता.

म्हणून पत्र्यासाठी वस्तूच बदलली. घराणं तेच, ओलाव्यावर घट्ट होणारं पॉलियुरेथेन, पण रबरासारखं लवचीक राहणारं, नळीतून बंदुकीने मारायचं सीलंट. हे मध्यम हवामानात दिवसाला साधारण तीन मिलिमीटर खोल घट्ट होतं, तेव्हा तेही पसरून सगळीकडे लावलं तर तीच गत. आम्ही उभ्या रेघा मारल्या, दीड-दोन इंच अंतरावर, मध्ये हवेला रस्ता मोकळा. रेघा उभ्याच हव्यात. आडव्या मारल्या तर पत्र्यामागे पाण्याची तळी साचतात. जाडी तीन मिलिमीटर राहावी म्हणून त्याच सीलंटच्या घट्ट झालेल्या गोळ्या कापून चार कोपऱ्यांत ठेवल्या. जाडी ठेवली की रेघ बाजूला कलू शकते, चपटी केली की कडकपणा येतो. पत्र्याची मागची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ओरखडून अ‍ॅसिटोनने पुसली. मधल्या फळीत पितळी स्क्रू घट्ट, बाजूच्या फळ्यांत लांबट भोकांतून, थोडे सैल. तळाची कड उघडी ठेवली. काकांना ती फट बघून वाटलं काम अपुरं राहिलंय. पाणी आत जाणारच, त्याला बाहेर यायला दार ठेवलंय, असं मेस्त्रींनी समजावलं. आणि हे सगळं दापोलीला गेल्यावर केलं, मे महिन्यात. तिथल्या रात्रीच्या हवेला मुद्दाम ओलावा घालावा लागत नाही.

जांभा

उंबरठ्याची गोष्ट दापोलीतलीच. सागाचा चार फुटी उंबरठा, पाच इंच रुंद, दोन इंच जाड. खाली जांभ्याची पायरी. दोन्ही भोकाळ, दोन्हीत ओलावा, पितळाच्या अगदी उलट. मला वाटलं हा सगळ्यात सोपा सांधा.

सकाळी नऊला पोचलो तर अंगण आणि पायरी नुकतीच धुतलेली. घर सांभाळणाऱ्या वहिनींनी रोजच्यासारखा सडा घातला होता. “रोज घालते मी. आजच नको होता होय?” त्यांचं बरोबर होतं, आम्ही सांगितलंच नव्हतं. उन्हाने पायरी वरून कोरडी दिसायला लागली तसा आम्ही ग्लू लावला, उंबरठा बसवला, दोन टोकांना दोन चिरे ठेवले आणि पत्र्याच्या कामाला लागलो.

पंधरा मिनिटांत दूध उतू जावं तसा फेस. जांभ्याच्या एकेका भोकातून बुडबुडे वर येत होते. मी खूश झालो, भोकं भरतायत, पकड छान येणार. ही या ग्लूबद्दलची सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे आणि मीही तिच्यातून सुटलेलो नाही. फेस जागा भरतो, जोर देत नाही. घट्ट झालेला फेस नखाने दाबला जातो. जोर असतो तो दाबाखाली पातळ, बुडबुड्यांशिवाय घट्ट झालेल्या थरात.

तासाभराने मेस्त्रींनी सरळी, म्हणजे सरळ कडेची पट्टी, टाकली. टोकं जागेवर, मधला भाग मिलिमीटरभर वर. वायूने दोन इंची साग उचलला होता. तोपर्यंत घट्ट झालं होतं. करवतीचं जुनं पातं फडक्यात धरून खालून कापत कापत अर्धा दिवस गेला. निघालेल्या उंबरठ्याच्या पाठीवर तांबडी भुकटी एकसारखी चिकटलेली. म्हणजे जिथे फेस नव्हता तिथेही ग्लूने जांभा धरलाच नव्हता, जांभ्यावरची धूळ धरली होती.

दुसऱ्या दिवशी वायर ब्रशने पायरी घासली, फुंकणीने भोकं साफ केली, दिवसभर उन्हात ठेवली. संध्याकाळी फवाऱ्याने नुसतं धुकं मारलं. पातळ ग्लू. दाबासाठी चौकटीच्या वरच्या पट्टीपासून उंबरठ्यावरच्या फळीपर्यंत तीन वासे उभे केले आणि पाचरी ठोकल्या, टोकांना आणि मध्यावर. रात्रभर त्या घरात यायला-जायला मागचं दार. फेस आला, पण कडेने बारीक दोरीइतका, आणि सरळी सकाळी कुठेही हलली नाही.

ऑक्टोबर

पावसाळा संपल्यावर गेलो. ताज्या रंध्याच्या चारही फळ्यांचे सांधे बोट फिरवून कळत नाहीत. फुली मारलेल्या दोनांपैकी एकीत तिरक्या सांध्याचं खालचं पातळ टोक केसभर उघडलंय, नख अडकतं. दुसरी अजून धरून आहे. पत्रे हलत नाहीत, हिरवट झालेत, काकांना ते आवडलंय. बाजूच्या फळ्यांमधले स्क्रू लांबट भोकांत दोन मिलिमीटर सरकलेले दिसतात, म्हणजे दार पावसाळाभर हललं आणि कोणाला त्रास झाला नाही.

उंबरठा पक्का आहे. इतका पक्का की तोच आता प्रश्न झालाय. जांभा चार महिने पाणी पितो आणि लाकूड त्याच्या अंगाला चिकटून बसलंय, मधे हवा नाही. खालच्या कडेला काळी रेघ आणि बुरशीचे ठिपके आलेत. ग्लू पाण्याला दाद देत नाही, पण तो लाकडाला कुजण्यापासून वाचवत नाही. मीटर तिथे २४ दाखवतो. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की इथे दगडी उंबरठा करा, किंवा लाकडी हवाच असेल तर खाली गिट्ट्या देऊन अर्धा इंच उचलून बसवा. काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, येत्या मे महिन्यात बघू.

पुण्यात ग्लूचा डबा कपाटात होता. अर्ध्या किलोतला साडेतीनशे ग्रॅमच्या वर उरला होता, झाकण घट्ट लावून. जूनमध्ये उचलला तर हलवल्यावर आवाज नाही. झाकण आमच्या मते घट्ट होतं, हवेच्या मते नसावं; ओलावा आत येत राहिला असणार. डबा कापून बघितला, आत अख्खा ठोकळा. मेस्त्रींनी तो रंध्याखाली टेकू म्हणून ठेवलाय.